धुकेवाडीची ओली दुपटी

ड्रायर पेटत होता. त्याचा ढोल गरगर फिरत होता. आत हात घातला तर चटका बसत होता. आणि तरीही दीड तासाने बाहेर काढलेलं दुपटं ओलंच होतं.

कोयनाने ते गालाला लावून पाहिलं. गरम होतं, पण ओलं. नुसतं दमट नव्हे, पिळलं असतं तर चार थेंब पडले असते असं ओलं.

"आजी, हे पण नाही वाळलं."

पिंकी आजीने डोक्याला बांधलेला रुमाल आणखी घट्ट केला. नाव ऐकून हसू नका. आजी जन्मली तेव्हा घरोघरी एखादी पिंकी होती, आणि त्या सगळ्या पिंक्या आता आज्या झाल्या आहेत. तुमच्या नावांचंही एक दिवस हेच होणार आहे.

"आठ दिस झालं, डोकं नुसतं ठणकतंय," आजी म्हणाली. "ह्या धुक्यानं जीव नकोसा केलाय. टाक परत आत. आणिक आच वाढव."

धुकेवाडी घाटमाथ्यावर आहे. तिथे आषाढ-श्रावणात सूर्य घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहासुद्धा न घेता निघून जातो. गावात सहा खाटांचं एक बाळंतघर आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला धुलाईघर. ते धुलाईघर पिंकी आजी चालवते. ती परिटांच्या घरातली, कपडा नुसता चिमटीत धरून तो किती ओला आहे हे सांगणारी. पूर्वी ती पावसाळ्यात शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर बाळांचे कपडे वाळवायची. पण टोपलीवर एका वेळी मावणार तीन दुपटी, आणि त्यांना धुराचा वास. डॉक्टरीणबाईंना तो वास बाळांच्या जवळ नको होता. म्हणून मे महिन्यात गोबरगॅसवर चालणारा कपाटाएवढा ड्रायर (गरम हवेने कपडे वाळवणारं यंत्र) आला. आधी तो चाळीस मिनिटांत घाणा वाळवायचा. घाणा म्हणजे एका वेळी आत घातलेले कपडे, हा आजीचा शब्द. आता श्रावणात दोन तास झाले तरी पत्ता नाही.

एरवी कोयनाने याची फारशी काळजी केली नसती. पण समोरच्या खोलीत तिची आई होती, आणि आईच्या छातीशी नऊ दिवसांचा भाऊ. तो सात आठवडे लवकर आला होता. वजन एक किलो सहाशे ग्रॅम, म्हणजे आजीच्या इस्त्रीपेक्षाही कमी. दोन हातांवर ठेवला तरी हात रिकामेच वाटायचे.

डॉक्टर हेमांगी सरनोबत सकाळी स्वतः धुलाईघरात आल्या होत्या. "आजी, एवढ्या लहान बाळाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. ओलं कापड अंगाला लागलं की त्यातलं पाणी उडून जातं, आणि उडताना बाळाच्या अंगातली ऊब घेऊन जातं. माझ्याकडे आता अकरा कोरडी दुपटी उरली आहेत. ती पाच वाजेपर्यंत पुरतील. त्याच्या आत सोय झाली नाही, तर मला बाळाला खाली कराडला हलवावं लागेल. माझी इच्छा नाही, पण दुसरा मार्ग नाही."

खाली कराडला म्हणजे धुक्यातला घाट. त्या घाटात विनाचालक रुग्णवाहिकासुद्धा माणसाच्या चालीने उतरते, कारण तिच्या यांत्रिक डोळ्यांनाही पुढचं वळण दिसत नाही. कोयनाच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं.

बाराच्या एसटीने पाना मेस्त्री आले. ते यंत्रमानव होते, तालुक्यात गावोगाव फिरून यंत्रं जोडणारे आणि तपासणारे. उजव्या हाताच्या जागी त्यांना पाना होता, म्हणून हे नाव. काम ते शिकले उस्मानचाचा नावाच्या एका म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली. त्यामुळे त्यांचं बोलणं चाचांसारखं होतं आणि सवयीही. उस्मानचाचा कानावर पेन्सिल ठेवायचे. पाना मेस्त्रींना कान नव्हते, तर त्यांनी डोक्याला लोहचुंबक बसवून घेतला आणि त्यावर पत्र्याच्या टोपणाची पेन्सिल चिकटवली.

मेस्त्री दारात आले मात्र, त्यांच्या छातीवरचा दिवा लाल झाला.

"आजी, पोरी, आधी बाहेर या," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात थांबायला जागा नव्हती. दोघी अंगणात आल्या. मेस्त्रींनी गॅसची चावी बंद केली, दोन्ही दारं सताड उघडली आणि मगच बाहेर येऊन बसले.

"आजी, डोकं दुखतंय का?"

"व्हय. तुम्हास्नी कसं कळलं?"

"आत कार्बन मोनॉक्साइड साठला होता. (जळताना हवा अपुरी पडली की तयार होणारा विषारी वायू. त्याला वास नसतो आणि रंगही नसतो.) तुमचं डोकं धुक्यानं नाही दुखत, त्याच्यानं दुखतंय. बरं झालं, आजच आलो."

डॉक्टरीणबाईंनी दोघींना तपासलं, आजीला तासभर प्राणवायूचा मुखवटा लावला, आणि सांगितलं की थोडक्यात निभावलं. आजी मुखवट्यातूनही बोलायचं थांबली नाही, पण तिचं बोलणं कुणाला कळलं नाही. कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच.

इकडे कोयना मेस्त्रींच्या मागे लागली. "मेस्त्री, आत एवढं गरम आहे, मग कपडे वाळत का नाहीत?"

"मला सांग, वाळणं म्हणजे काय?"

"पाणी जाणं."

"कुठं जाणं?"

पाणी जातं एवढं कोयनाला ठाऊक होतं. ते कुठे जातं हे तिने पाण्याला कधी विचारलं नव्हतं.

मेस्त्रींनी आजीचे दोन ओले रुमाल घेतले. शेगडी अंगणात पेटवली. एक रुमाल वेताच्या टोपलीवर पसरला. दुसरा एका स्टीलच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावलं आणि तो डबा शेगडीच्या कडेला ठेवला. पंधरा मिनिटांनी टोपलीवरचा रुमाल कोरडा झाला होता. डबा चिमट्याने उघडला तर आतला रुमाल कढत, आणि ओला तो ओलाच. झाकणातून पाणी ठिबकत होतं.

"डबा तर जास्त तापला होता," कोयना म्हणाली.

"तापला होता. पण आतली वाफ जाणार कुठं? हवेचंही पोट असतं, पोरी. ते भरलं की ती पाण्याचा थेंबही घेत नाही. मीटरभर लांब, रुंद आणि उंच अशी पेटी डोळ्यांसमोर आण. आजच्यासारख्या वीस अंशाच्या गारठ्यात तेवढ्या हवेत जेमतेम तीन-साडेतीन चमचे पाणी वाफ होऊन राहतं. तीच पेटी साठ अंशाला तापव, की पाऊण पेला पाणी मावतं. म्हणजे आच कपडे वाळवत नाही. आच फक्त हवेचं पोट मोठं करते. पाणी उचलून नेते ती हवाच. तेव्हा भरल्या पोटाची हवा बाहेर गेली पाहिजे आणि रिकाम्या पोटाची आत आली पाहिजे."

"पण आमची हवा तर धुक्याची. ती आधीच ओली आहे."

मेस्त्रींना हा प्रश्न आवडला. त्यांनी पेन्सिल काढली आणि परत चिकटवली, हे त्यांचं आवडल्याचं लक्षण. "बरोबर. बाहेर तिचं पोट भरलेलं आहे. पण तापवली की तेच पोट सात-आठ पट मोठं होतं. तेवढ्यात तिचे तीन चमचे कुठल्या कुठे हरवतात. धुक्याची हवासुद्धा गरम झाली की तहानलेली होते."

कोयनाने ते मनात दोनदा घोळवलं. आपण इतके दिवस उगाच धुक्याला शिव्या दिल्या, असं तिला वाटलं.

"मग ड्रायरमधली भरलेली हवा बाहेर जात नाहीये," ती हळूच म्हणाली.

"शाब्बास. ढोलाच्या मागं पंखा आहे, तो हवा ढकलतो. ती वाफेच्या पाइपातून भिंतीपलीकडं जाते, आणि जाताना गॅस जळून झालेला वायूही घेऊन जाते. पाइप तुंबला की तिन्ही गोष्टी घरात राहतात, आच, वाफ आणि विष. कुठं तुंबलाय ते आता बघायचं. पाइप छताच्या फळ्यांच्या वरून गेलाय, नऊ सांधे आहेत. यंत्राकडून सुरुवात करतो आणि एकेक सांधा सोडवत जातो. तीन तास लागतील."

तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

पाइप कुठे तुंबला असेल हे मेस्त्रींचं बोलणं ऐकताच कोयनाला कळून चुकलं होतं.

आता जरा मागे जायला हवं. पिंकी आजीच्या घरी नळ दिसला की त्याला फडकं बांधायचं, ही रीत. हंड्यावर फडकं, माठावर फडकं, दूध गाळायला वेगळं फडकं. फडक्यातून गेलेलं ते चांगलं, बाकी सगळं कचरा, असं कोयना पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. आणि तीन आठवड्यांपूर्वी बाळंतघराच्या सिस्टर कुरकुरल्या होत्या, की ड्रायरच्या पाइपातून कापसाची लव (कपडे एकमेकांवर घासताना सुटणारे बारीक तंतू) उडते आणि ओल्या व्हरांड्यात चिकटून बसते. मग कोयनाने काय केलं असेल? स्टुलावर चढून पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला, पत्र्याच्या टोपीच्या आत, आजीच्या जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं सुतळीने आवळून बांधलं. लव पडायची थांबली. सिस्टर खूश झाल्या. स्टुलावर चढायची कोयनाला बंदी होती, म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

आताही गप्प बसता आलं असतं. तीन तासांनी मेस्त्रींना ते सापडलंच असतं, आणि वाऱ्याने उडून अडकलं असेल म्हणून सगळे पुढे गेले असते. पण दीड आणि तीन म्हणजे साडेचार. त्यानंतर पाइप जोडायचा, मग कपडे वाळवायचे. आईच्या छातीशी निजलेला तो एवढासा जीव तिला दिसला.

"मेस्त्री, सांधे सोडवू नका," ती म्हणाली. "मी फडकं बांधलंय. बाहेरच्या तोंडाला. लव गाळली जावी म्हणून." तिने व्हरांड्याकडे बोट दाखवलं. "माझ्यामुळे आजीचं डोकं दुखलं. माझ्यामुळे बाळाला..."

मेस्त्रींचा दिवा दोनदा लुकलुकला. "उस्मानचाचा म्हणायचे, चूक सांगणारा माणूस निम्मं काम करून देतो. तू माझे तीन तास वाचवलेस, बाय. चल, दाखव."

तोवर आजी मुखवटा काढून बाहेर आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. आता आपल्याला चांगलंच बोलणं बसणार, असं कोयनाला वाटलं. आजी मात्र पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली.

"मेस्त्री, येक माझंबी सांगायचं हाय," ती म्हणाली. "यंत्राच्या मागं त्यो झरोका हाय न्हवं, त्यातनं धुकं आत येत व्हतं. म्हनून म्या त्येच्यात गोणपाट कोंबलंय. गच्च."

"म्हणजे नातीनं तोंड दाबलं आणि आजीनं नाक," मेस्त्री म्हणाले. "बिचारं यंत्र श्वास घेणार तरी कुठून? पंखा जेवढी हवा बाहेर ढकलतो तेवढीच हवा खोलीत आली पाहिजे, आजी. झरोका त्यासाठीच ठेवलाय. तो बुजवला की ज्योतीलाही हवा पुरत नाही, आणि मग ती विष तयार करते."

आजी आणि नात एकमेकींकडे बघून हसल्या. रडू येत असताना येतं तसलं हसू होतं ते.

फडकं सोडलं तेव्हा ते फडकं राहिलंच नव्हतं, करड्या लवेची जाड ओली गादी झाली होती. मेस्त्रींनी दोघींना लांब उभं केलं, यंत्राच्या मागे पडलेल्या वाळलेल्या लवेची एक चिमूट दगडावर ठेवली आणि ठिणगी टाकली. भप्पकन जाळ झाला आणि संपला.

"चुलीजवळ कापसाची गादी कुणी ठेवत नाही. पाइपात लव साठू देणं म्हणजे तेच," ते म्हणाले.

मग काम सुरू झालं. मेस्त्रींना तो जुना पाइपच पसंत नव्हता. कुणीतरी तो मऊ, घड्यांच्या पत्र्याचा घेतला होता आणि छतावरून तीन वळणं देऊन नेला होता. घडीघडीत लव अडकली होती. मेस्त्रींनी तो पुरा काढून टाकला. यंत्राच्या मागची भिंत हीच बाहेरची भिंत होती. तिथेच भोक पाडून त्यांनी कडक, आतून गुळगुळीत असा पत्र्याचा पाइप सरळ बाहेर काढला, जेमतेम दीड हात लांब.

"जेवढा आखूड आणि सरळ, तेवढा पंख्याला दम कमी लागतो," ते म्हणाले. सांध्यावर त्यांनी स्क्रू मारला नाही. कोयनाने कारण विचारलं, तर म्हणाले की स्क्रूचं टोक आत डोकावतं आणि त्याला लव गुंतते. त्याऐवजी उष्णता सोसणारी धातूची पट्टी गुंडाळून चिकटवली. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे वाफ थंड होऊन पाणी झालं तर ते यंत्राकडे परतू नये. बाहेरच्या तोंडाला झडप लावली. हवा आली की ती उघडते, थांबली की आपली आपण मिटते, त्यामुळे चिमण्या आणि पाली आत शिरत नाहीत. तोंडाला जाळी मात्र लावली नाही.

"जाळी म्हणजे लोखंडाचं फडकं," कोयना आपणहून म्हणाली.

"आता तू मला शिकव," मेस्त्री म्हणाले.

लव गाळायची जागा यंत्राच्या आतच होती, ढोलाच्या खाली, सरकवून काढता येणारी बारीक जाळी. तिथे लव अडते आणि आपल्याला ती दिसते, काढता येते. प्रत्येक घाण्यानंतर ती साफ करायची, ही कोयनाची जबाबदारी ठरली. दर सहा महिन्यांनी पाइप झाडायचा आणि गॅसची तपासणी करायची, ही मेस्त्रींची. यंत्र चालू असताना खोली सोडून जायचं नाही आणि भिंतीवर आता नव्याने बसवलेला विषारी वायूचा इशारा देणारा भोंगा कधी काढायचा नाही, ही आजीची. आजीने गोणपाट झरोक्यातून उपसलं आणि रागाने उकिरड्यावर फेकून दिलं, जणू सगळी चूक त्या गोणपाटाचीच होती.

पावणेचारला मेस्त्रींनी गॅसचा सांधा साबणाच्या फेसाने तपासला. बुडबुडा आला नाही. मग बर्नर पेटला. सकाळी ज्योत पिवळट आणि काजळीची होती. आता ती निळी झाली. बाहेर झडप उघडली आणि धुक्यात पांढऱ्या वाफेचा लोट निघाला. कोयनाने तोंडासमोर हात धरला. हवा ओली होती, ऊबदार होती आणि जोरात होती.

दुपट्यांमधलं पाणी चाललंय, तिने मनाशी म्हटलं. कुठे, तर इथे.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी आजीने पहिलं दुपटं बाहेर काढलं. चिमटीत धरलं. डोळे मिटले.

"कडक," आजी म्हणाली. तिच्या शब्दकोशात यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती.

ऊन ऊन दुपट्यांची चळत घेऊन कोयना आईच्या खोलीत गेली. डॉक्टरीणबाईंनी एक उलगडलं, गालाला लावलं आणि रुग्णवाहिकेला नको म्हणून निरोप धाडला. आईने ते बाळाच्या पाठीवर पांघरलं. बाळाने कपाळाला आठी घातली, ती सोडली आणि पुन्हा झोपलं. आईचे डोळे भरून आले. तिने कोयनाला जवळ ओढलं आणि म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी त्याला इथं राखलंत गं. मोठा झाला की मी त्याला सांगेन." फडक्याची हकीकत ऐकल्यावरही आईने हात सोडला नाही.

संध्याकाळच्या एसटीला अवकाश होता. कोयना मेस्त्रींना म्हणाली, "मेस्त्री, मी तुमची फार आभारी आहे." शाळेतल्या भाषणातलं वाक्य होतं, पण या वेळी ते खरं होतं.

"माझे आभार निम्मे," मेस्त्री म्हणाले. "निम्मे उस्मानचाचांचे. खोलीत शिरताना आधी माणसं बाहेर काढ, मग यंत्राकडं बघ, हे त्यांनी शिकवलं. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. असं काम जमलं की मला वाटतं, ते अजून शिकवतायत." मग त्यांनी पेन्सिल काढली. "एक कोडं देऊन जातो. चंद्रावर वस्ती उभी राहते आहे. तिथं हवा मोलाची, बाहेर सोडायची सोय नाही. मग तिथले लोक कपडे कसे वाळवणार?"

कोयनाने डब्याचं झाकण आठवलं. त्यातून ठिबकणारं पाणी आठवलं. "हवा गार करायची," ती सावकाश म्हणाली. "तिचं पोट लहान झालं की पाणी आपोआप गळून पडेल. ते भांड्यात धरायचं आणि तीच हवा तापवून पुन्हा आत पाठवायची. पाणीपण वाया नाही जाणार."

मेस्त्रींनी पेन्सिल परत चिकटवली नाही. ती कोयनाच्या हातात ठेवली. "ठेव कानावर. तुला कान आहेत."

तेवढ्यात आजी झेंडूचा हार घेऊन आली. नव्या यंत्राला हार घालायचा राहून गेला होता, त्याचाच हा सगळा कोप, असंही तिला आतून वाटत होतं. तिने भिंतीतून आलेल्या नव्या पाइपाला हात जोडले, पुटपुटली, "माझ्या नातवाला संभाळलंस रं बाबा," आणि हार झडपेवर चढवायला हात वर केले.

कोयनाने तिचा हात हलकेच धरला. हार घेतला आणि बाजूच्या खुंटीवर टांगला, झडपेपासून चांगला हातभर दूर.

"तोंडावर नको, आजी. त्याला श्वास घेऊ दे."

आजीने मान डोलावली. झडप उघडली, ऊन वाफ बाहेर आली आणि खुंटीवरच्या झेंडूला हलवून धुक्यात निघून गेली.